अंग कामाचे, पदर चारचौघांचा : हुबळी-धारवाडची नगरसंस्कृती आणि तेथील पेहराव

नगरातील माणसे काय नेसतात याचा विचार करताना अभ्यासक बहुधा हवामान, जात, मिळकत आणि भाषा या चार कारणांपाशी थांबतात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु सारख्या हवामानात राहणारी, सारख्या मिळकतीची आणि एकच भाषा बोलणारी माणसे शेजारशेजारच्या दोन गावांत वेगवेगळी का दिसतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. त्यासाठी नगरसंस्कृतीही जमेस धरावी लागते. गावाचा मुख्य व्यवसाय कोणता, माणसे कोणत्या निमित्ताने एकत्र येतात, तेथे त्यांच्याकडे कोण पाहते आणि त्या पाहणाऱ्याच्या मताची त्यांना किती पर्वा असते, या सगळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली रीत, असा नगरसंस्कृतीचा अर्थ येथे घेतला आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने 1903 साली महानगरातील मनोव्यापारांविषयी लिहिताना असे दाखवले होते, की अनोळखी गर्दीत माणसाला स्वतःचे वेगळेपण ठळकपणे मांडावेसे वाटते. ज्या नगरात गर्दी आहे पण ती पुरती अनोळखी नाही, बाजारात भेटणारा माणूस मठातही भेटतो आणि मुलाच्या लग्नातही, तेथे पेहरावाचा न्याय वेगळा असतो, आणि तो समजून घेण्यास हुबळी-धारवाडइतके योग्य उदाहरण दख्खनमध्ये क्वचितच सापडेल.

हुबळी आणि धारवाड ही सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील दोन गावे 1962 साली एका महानगरपालिकेखाली आली, आणि 2011 च्या जनगणनेत त्यांची एकत्रित लोकसंख्या नऊ लाख चाळीस हजारांच्या वर गेलेली होती. कारभार एक झाला तरी दोघांचे स्वभाव एक झाले नाहीत: हुबळी व्यापाराची व रेल्वेची राहिली, धारवाड कचेऱ्यांचे, विद्यालयांचे आणि गाण्याचे राहिले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा प्रदेश मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता, त्यामुळे पुणे, सोलापूर, बेळगाव आणि धारवाड यांच्या दरम्यान कारकून, शिक्षक, नाटक कंपन्या, गवई आणि कापडाचे गठ्ठे यांची ये-जा अखंड चालू असे. मराठी वाचकाला या गावांचा पेहराव परका वाटत नाही याचे कारण या ये-जेत आहे.

जुन्या पेहरावाची सर्वांत तपशीलवार नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या धारवाड खंडात, म्हणजे 1884 साली प्रसिद्ध झालेल्या बाविसाव्या खंडात मिळते. तेथे प्रत्येक जातीच्या वर्णनात तिचे अन्न, घर, सण आणि वस्त्रे क्रमाने दिलेली आहेत, आणि ते वाचून त्या काळचा पेहराव सर्वस्वी जातीने ठरत असे अशी वाचकाची समजूत होते. या समजुतीला मर्यादा घालणे आवश्यक आहे. गॅझेटियरकारांनी माहिती जातवार मागवली, म्हणून ती जातवार आली. बाजारपेठ, गिरण्या आणि कचेऱ्या यांचे वर्णन त्याच खंडात वेगळ्या प्रकरणांत गेले, आणि माणूस सकाळी घरातून निघून बाजारात किंवा कचेरीत गेल्यावर त्याच्या अंगावर काय असे, हे दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत हरवले. डोक्याच्या वस्त्राचेच पाहावे. येथे रुमाल म्हणजे डोक्याला गुंडाळायचे लांब कापड. तो कसा बांधावा यात जातीची, गावाची आणि धंद्याची खूण असे हे खरे. पण पांढरे धोतर, नेहरू शर्ट आणि पांढरा रुमाल एवढ्यावर आलेला शेतकरी हुबळीच्या बाजारात कोणत्या जातीचा आहे हे पुढे पुढे दुरून ओळखता येईनासे झाले, आणि तो माल विकायला आला आहे एवढेच कळू लागले. बाजाराने जातीची खूण पुसली नाही, परंतु तिच्यावर धंद्याची खूण चढवली.

हा बाजार कापसावर उभा राहिला. धारवाडची काळी जमीन पूर्वीपासून कापसाची. 1840 च्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकन बागाईतदार आणून न्यू ऑर्लिन्स जातीचे बियाणे येथे रुजवण्याचा प्रयत्न केला, आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी फसलेला तो प्रयोग या जिल्ह्यात टिकला. ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने तो कापूस व्यापारात ओळखला जाऊ लागला, देशी वाण कुमठा बंदराच्या नावाने ओळखला जाई, आणि 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाल्यावर दोन्ही वाणांचे भाव भडकले. या तेजीने जो पैसा आला त्याने हुबळीची पेठ मोठी केली. पुढील शतकातही कापसाचे नाते तुटले नाही: धारवाडच्या कृषी संशोधन केंद्रात डॉ. कटारकी यांनी 1970 च्या दशकात ‘वरलक्ष्मी’ आणि पुढे ‘डीसीएच-32’ हे लांब धाग्याचे संकरित वाण सिद्ध केले. ज्या नगराचे पोट कापसावर चालते तेथील सामान्य गिऱ्हाइकालाही सूत कळते. दुर्गदबैलच्या बाजारात किंवा जवळी साल या कापडओळीत कापड घेणारी बाई आधी ते चिमटीत धरून चोळून पाहते, मग धाग्याची दाटी उजेडाकडे धरून पाहते, आणि रंगाचा विचार त्यानंतर करते. हाताने पारख करण्याची ही सवय हुबळीच्या पेहरावाचा पाया आहे. तेथे भडक कापड खपते, पण विरळ कापड सहजी खपत नाही.

ही पेठ ज्यांनी प्रत्यक्ष चालवली त्यांत मराठीशी नाते असलेल्या समाजांचा वाटा मोठा आहे, आणि मराठी वाचकांना तो फारसा माहीत नाही. नामदेव शिंपी समाज कपडे शिवण्याचा, भावसार समाज कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा धंदा करीत आला. दोघांच्याही घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली आणि दुकानात कन्नड. रेशीम विणणारे पट्टेगार, म्हणजेच सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाज, ज्यांच्या सावजी खाणावळी आता विणकामापेक्षा अधिक प्रसिद्ध झाल्या आहेत, ते घरात स्वतःची वेगळी बोली बोलतात. हुबळीच्या दाजीबान पेठेतील तुळजाभवानीचे देऊळ त्यांचे. कानडी मुलखाच्या अंगावरचे कापड रंगवले, विणले आणि शिवले ते अशा अनेकभाषी हातांनी. भाषेचा वाद ज्या प्रदेशात वारंवार पेटतो तेथे ही वस्तुस्थिती अधूनमधून आठवणे हिताचे आहे.

या नगरसंस्कृतीचे मर्म ज्या एका वस्त्रात सर्वाधिक दिसते ते वस्त्र म्हणजे इरकल. बागलकोट जिल्ह्यातील इळकल या गावावरून महाराष्ट्रात इरकल किंवा इरकली लुगडे हे नाव रूढ झाले. त्याचे विणकाम समजून घेतल्याशिवाय त्याचे सामाजिक स्थान कळत नाही. लुगड्याचे अंग सुती, पदर मात्र रेशमी किंवा नकली रेशमाचा; आणि ही दोन सुते एकाच मागावर आणण्यासाठी अंगाच्या ताण्याची व पदराच्या ताण्याची टोके एकमेकांत फासे घालून जोडावी लागतात. ताणा म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले धागे. फासे घालून ते जोडण्याच्या पद्धतीला कोंडी म्हणतात. या जोडणीमुळे एकेका लुगड्यासाठी ताणा स्वतंत्र तयार करावा लागतो, सलग लांब थान विणून मग तुकडे पाडता येत नाहीत. पदर तांबड्या जमिनीचा, त्यावर पांढऱ्या उभ्या आकृत्या. त्यालाच टोपपदर म्हणतात. त्या आकृत्यांत फणी, किल्ल्याचा तट, जोंधळ्याचे कणीस आणि डोंगररांग असे आकार असतात, आणि काठांत गोमी, चिक्की पारस, गाडी हे प्रकार असतात. डाळिंबी, मोरपंखी, पोपटी हे अंगाचे जुने रंग.

या रचनेतून स्त्रीच्या दिवसाची वाटणी दिसते. अंग सुती असल्याने ते धुवायला, राबायला, काळ्या मातीतून चालायला सोयीचे. पदर रेशमी असल्याने डोक्यावर किंवा खांद्यावर घेतला की बाई देवळात, लग्नात किंवा कोणाच्या दारात उभी राहण्यास सिद्ध. अंग कामाचे आणि पदर चारचौघांचा, अशी ही विभागणी आहे, आणि ज्या समाजात राबणे आणि मानाने वावरणे या गोष्टी एकाच दिवसात, पुष्कळदा एकाच वस्त्रात कराव्या लागतात, त्याच समाजाने तिला जपले. ज्या घरी संपूर्ण रेशमी वस्त्र परवडत नसे त्या घरच्या बाईलाही रेशमाचा मान पदरापुरता का होईना मिळत असे. यात दारिद्र्य झाकण्याची खटपट पाहणे हा त्या विणकरावर आणि ते नेसणारीवर अन्याय होईल.

कन्नड आणि मराठी बायकांनी हे वस्त्र सारख्याच हक्काने वापरले. सोलापूर, सातारा, कोल्हापूर या भागांत नऊवारी इरकल काष्टा घालून नेसले जाई. हुबळीच्या आसपासच्या लिंगायत स्त्रिया ते निऱ्या घालून गोल नेसतात व पदर डोक्यावर घेतात. तर धारवाडच्या कन्नड ब्राह्मण घरांत जुन्या पिढीच्या बायका कच्चे घालून, म्हणजे मराठी काष्ट्याशी जवळीक असलेल्या पद्धतीने नेसत. नेसण्यावरून जात आणि घर ओळखता येत असे, भाषा ओळखता येत नसे. इरकलीसोबत जी चोळी येते तिचे कापड गुळेदगुड्ड येथील खण. अरुंद मागावर विणलेल्या या कापडाला दोन्ही अंगांना काठ असतो, आणि शिंपी ते असे बेततो की काठ नेमका बाहीच्या टोकाशी आणि छातीखाली येतो. दोन बोटांची चूक झाली तर काठ वाया जातो, म्हणून खणाची चोळी बेतणारा कारागीर वेगळा ओळखला जाई. खण-नारळाने ओटी भरण्याची रीत दोन्ही भाषांच्या घरांत सारखीच आहे. परकर-पोलक्यातली मुलगीही दोन्ही घरांत त्याच शब्दांनी ओळखली जाई.

इरकलीवर धारवाडने स्वतःची मुद्रा उमटवली ती कसुतीने. कसुती म्हणजे कापडाचे धागे मोजून केलेले भरतकाम. नक्षी आधी कापडावर रेखाटली जात नाही. विणीतील उभे-आडवे धागे मोजत सुई चालवायची, धाग्याला गाठ मारायची नाही. तिचे टाके चार. गवंती हा दुहेरी धावता टाका, जाताना एक टाका सोडून जायचे व परतताना ती रिकामी जागा भरत यायचे. मुर्गी हा त्याचाच पायऱ्यांसारखा नागमोडी प्रकार. नेयगे हा विणीचा भास देणारा. आणि हेंती हा फुलीचा टाका. पहिल्या दोन टाक्यांत कापडाची सुलट आणि उलट बाजू सारखी दिसते, आणि एक धागा मोजायला चुकला तर परतीच्या वाटेवर नक्षी जुळत नाही, म्हणून उसवून पुन्हा सुरुवात करावी लागते. गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, अंबारीचा हत्ती, पालखी, शंख या आकृत्या देवळाच्या आणि उत्सवाच्या परिसरातून आलेल्या आहेत. काळ्या चंद्रकळेवर कसुती भरून ती नववधूला देण्याची प्रथा होती. ज्या कामाची उलट बाजूही निर्दोष असावी लागते ते काम घराघरांत मुलींना शिकवले जात असे, आणि धारवाडच्या एकूण अभिरुचीला जे संयत वळण आहे त्याचे शिक्षण काही अंशी तेथे झाले असावे, असे मानण्यास जागा आहे.

धारवाडचे हे संयत वळण घडवण्यात संस्थांचाही मोठा भाग आहे. कर्नाटक विद्यावर्धक संघ 1890 साली स्थापन झाला, कर्नाटक कॉलेज 1917 साली सुरू झाले, आणि स्वातंत्र्यानंतर कर्नाटक विद्यापीठ येथे आले. या कॉलेजच्या इमारतीचा पूर्वेतिहास या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे: ती मुळात सदर्न मराठा रेल्वेच्या मुख्य कचेरीची इमारत. कंपनीने कचेरी धारवाडला ठेवली आणि इंजिने व डबे दुरुस्त करण्याचा कारखाना हुबळीला उभारला. साहेब, हिशेबनीस आणि कारकून धारवाडात कोट घालून वावरू लागले, लोहार, सुतार आणि फिटर हुबळीत तेलकट जाड कपड्यांत राबू लागले. एकाच कंपनीने दोन गावांचे दोन पेहराव असे पक्के केले, आणि 1908 साली ती मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन मुख्य कचेरी मद्रासला गेली तरी धारवाडचा कोट राहिला. कारकुनाच्या अंगावरून तो शिक्षकाच्या अंगावर आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील धारवाडच्या लेखक-शिक्षकांची छायाचित्रे पाहिली तर खाली धोतर, वर कोट आणि डोक्यावर टोपी किंवा रुमाल असा पेहराव पुनःपुन्हा दिसतो. पुण्यातही तो होता. परंतु धारवाडात तो अधिक काळ टिकला, कारण तो पाहणारे विद्यार्थी, सहकारी आणि श्रोते पिढ्यान्‌पिढ्या त्याच वर्तुळातले राहिले. द. रा. बेंद्रे हे या वर्तुळाचे सर्वपरिचित नाव: घरची भाषा मराठी, कविता कन्नड, आणि 1973 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार.

गाण्याच्या बैठकीने हीच मर्यादा आणखी दृढ केली. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे धोतर, झब्बा आणि टोपी, किंवा हुबळीत राहणाऱ्या गंगूबाई हनगल यांचा अंगभर घेतलेला पदर व कपाळावरचे ठसठशीत कुंकू, यांत श्रोत्याचे लक्ष सुराऐवजी वस्त्राकडे वेधणारे काही नव्हते. मन्सूरांचे जयपूर-अत्रौली आणि गंगूबाईंचे किराणा ही दोन घराणी गायकीत एकमेकांपासून जितकी दूर, तितकीच त्यांची ही धारवाडी मंडळी दिसण्यात एकमेकांच्या जवळ होती. याच्या अगदी उलट परिणाम नाटकाने केला. बालगंधर्वांच्या शालूंची आणि दागिन्यांची नक्कल महाराष्ट्रातील सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत असत, आणि मराठी नाटक कंपन्यांचे दौरे हुबळीपर्यंत येत. हुबळीजवळच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व हे स्वतः स्त्रीभूमिका करणारे नट होते. हुबळीच्या व्यापारी घरांना जरीची आणि भरजरी वस्त्रांची जी हौस आहे तिला या रंगभूमीने खतपाणी घातले असणार, धारवाडने मात्र नाटकातले गाणे घेतले आणि शालू नाटकातच राहू दिला.

या दोन्ही प्रवृत्तींना काही काळ एकत्र आणले ते खादीने. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी 1923 मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्तानी सेवा दलाचे केंद्र हुबळी होते, आणि 1924 च्या डिसेंबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात दलाच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी तेथे स्त्री-स्वयंसेविकांचे नेतृत्व केले, आणि त्यांच्या हाकेला घराबाहेर पडलेल्या स्त्रियांत विधवाही होत्या. विधवेचे वस्त्र ज्या समाजात कुटुंब ठरवीत असे, त्या समाजात तिने स्वतःच्या निश्चयाने खादी अंगावर घेणे हा पेहरावाच्या इतिहासातील मोठा क्षण आहे, आणि त्याची जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

खादीचा हा वारसा हुबळीत आजही कामाच्या रूपाने जिवंत आहे. बेंगेरी येथील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ 1957 साली स्थापन झाला, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्याने तेथे राष्ट्रध्वज शिवला जातो. ध्वजाचे कापड बागलकोट जिल्ह्यातील तुळसीगेरी येथे विणले जाते. रंगवणे, कापणे, चक्र छापणे आणि शिवणे ही कामे बेंगेरीत होतात, आणि ती करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. प्रमाणित आकार नऊ, सर्वांत मोठा 21 फूट लांब व 14 फूट रुंद. धाग्यांची संख्या, कापडाचे वजन, रंगाची छटा किंवा शिलाई यांपैकी एका गोष्टीत कसर राहिली तरी माल नाकारला जातो. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली, आणि हाताने सूत काढणाऱ्या व विणणाऱ्या स्त्रियांच्या रोजगारावर थेट आघात झाला. सोय आणि स्वस्ताई यांसाठी केलेला हा बदल दुःखद आहे, कारण ज्या कापडामागे एका चळवळीची निष्ठा होती त्याची बरोबरी दराच्या हिशेबाने करता येत नाही.

गेल्या काही दशकांत नगराचे डोळे बदलले आहेत. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये, 2016 साली सुरू झालेली आयआयटी, संगणक कंपन्या आणि दोन्ही गावांना जोडणारी ‘चिगरी’ ही जलद बससेवा यांमुळे हुबळीचा आणि धारवाडचा तरुण आता एकाच पेहरावात दिसतो: जीन्स, टी-शर्ट, कुर्ती, लेगिंग्ज. तयार कपड्यांनी शिंप्याचे काम बरेच कमी केले, आणि नऊवारीतून गोल पातळात, गोल पातळातून पंजाबी ड्रेसमध्ये असा प्रवास पुष्कळ घरांत आजी, आई आणि मुलगी यांच्यात पुरा झाला. या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. सायकल चालवणाऱ्या, प्रयोगशाळेत उभ्या राहणाऱ्या आणि बस पकडणाऱ्या मुलीने सोयीचे वस्त्र निवडले ही चांगली गोष्ट आहे. कॉलेजांच्या पारंपरिक वेशाच्या दिवशी मुली इरकल नेसतात, मुले धोतर व रुमाल बांधतात, आणि आजीकडून नेसणे शिकून घेण्याचा तो एक प्रसंग ठरतो. कॉलेजातल्या त्या एका दिवसापुरते तरी इरकल पुन्हा चारचौघांचे होते, पण कामाचे होत नाही.

महाराष्ट्रात अलीकडे खणाच्या साड्यांची जी लाट आली तिने गुळेदगुड्डचे नाव पुणे-मुंबईच्या दुकानांत पोहोचवले, परंतु त्या नावाखाली विकले जाणारे बरेच कापड यंत्रमागाचे आहे, आणि इरकलीवरच्या कसुतीच्या जागीही यंत्रावरचे भरतकाम येऊ लागले आहे. इळकल साडी आणि कसुती या दोहोंना भौगोलिक निर्देशांकाची, म्हणजे उगमस्थानाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाची नोंद आहे. मात्र त्या नोंदीने नावाचा गैरवापर करणाऱ्यावर दावा लावता येतो, गिऱ्हाइकाची पारख वाढत नाही. यंत्राच्या भरतकामात कापड उलटून पाहिले की मागच्या धाग्यांचे जाळे दिसते, हातच्या गवंतीत दिसत नाही, आणि कापड उलटून पाहण्याची सवय धारवाडच्या जुन्या घरांतील बायकांना अजून आहे. दुकानदार त्यांना पाहिल्यावर वरच्या थप्पीला हात लावीत नाही, आतल्या कपाटातले लुगडे काढतो आणि त्याची किंमत कित्येक पटींनी अधिक सांगतो. त्या किमतीत भरणारीने घातलेल्या आठवड्यांची मजुरी कितपत निघते, यावर पुढच्या पिढीतील मुली सुई हातात घेतील की नाही हे ठरणार आहे.